दहावीच्या वर्गाकडून सप्रेम भेट

गेल्या फेब्रुवारीत पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलने मला दहावीच्या निरोप समारंभाला पाहुणा म्हणून बोलावले. पाचवी ते दहावी मी ज्या शाळेत शिकलो, तीच ही शाळा. तिचे नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे जे सांगणार आहे ते एकट्या तिचे नाही. पेडणे-डिचोलीतल्या कुठल्याही हायस्कूलचे ते असू शकते.

कार्यक्रमाला वेळ होता. मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि ते मुलांची गडबड निस्तरायला बाहेर गेले. मी कार्यालयात एकटाच बसून भिंती न्याहाळत होतो. समोर एक लंबकाचे घड्याळ दिसले. बंद पडलेले. खालच्या काचेवर पिवळ्या रंगात लिहिलेली अक्षरे अर्धीअधिक उडाली होती, पण मला ती पूर्ण वाचता आली, कारण ती लिहून घ्यायला मीच रंगाऱ्याकडे गेलो होतो : ‘१९७९ च्या दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’.

मग मला चैन पडेना. उठून शाळाभर फिरलो. ग्रंथालयात एक लोखंडी कपाट, १९८४ च्या वर्गाचे. स्टाफरूममध्ये छताचा पंखा, त्याच्या पात्यांवर साल लिहिता येत नाही म्हणून खालच्या भिंतीवर पाटी. व्हरांड्यात स्टीलचा पाण्याचा फिल्टर. सरस्वतीची तसबीर, भाषणाचे टेबल, ध्वनिक्षेपक, प्रयोगशाळेतला सांगाडा... प्रत्येकावर एक साल आणि तेच दोन शब्द, ‘सप्रेम भेट’. शाळा सोडून जाणारा वर्ग जाताना शाळेला काहीतरी देऊन जातो ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी सक्ती करीत नाही, तरी ती मोडत नाही. हे सारे पाहताना वाटले, गोव्याच्या मुक्तीनंतरचा खेड्यांतला इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने या वस्तूंपासून सुरुवात करावी.

समारंभ सुरू झाला. वर्गाच्या वतीने एक मुलगी बोलायला उभी राहिली. हातात कागद होता आणि कागदावर इंग्रजी. ‘रिस्पेक्टेड चीफ गेस्ट’ वगैरे झाले, दोन परिच्छेद तिने नीट वाचले. मग पाचवीतल्या पहिल्या दिवसाची आठवण आली आणि ती थांबली. कागद घडी करून तिने टेबलावर ठेवला आणि पुढचे सगळे मराठीत बोलली. मधूनच घरच्या बोलीत घसरायची, मुले हसायची, पुन्हा मराठीवर यायची. शेवटी तिला रडू आले, वर्गालाही आले. शिक्षिका तर आधीपासूनच डोळे पुसत होत्या.

माझी बोलण्याची पाळी आली तेव्हा मी चार उपदेशाचे शब्द बोललो आणि बसलो. जे बोलायला हवे होते ते घरी येताना सुचले. ते आज इथे लिहितो.

मागे वळून पाहायचे तर मागे काहीतरी असावे लागते. आमच्या घरात दहावीच्या वर्गाचा फोटो असलेला पहिला माणूस मी. माझ्या वडिलांकडे असा फोटो नाही, आजोबांकडे तर शाळाच नव्हती. आणि हे एकट्या आमच्या घराचे दुर्दैव नव्हे.

डिचोली, सत्तरी हे भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते १७८० च्या दशकात, पेडणे १७८८ मध्ये. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींच्या मानाने अडीच शतके उशिरा. म्हणून नव्या काबिजादींतली देवळे, जत्रा, दशावतार, धालो टिकले हे आपण अभिमानाने सांगतो. पण या भागांतली शिक्षणाची उपेक्षाही तितकीच टिकली, हे सांगायला विसरतो. पणजीला १८५४ मध्ये लिसेव सुरू झाले. पेडण्याच्या कुळाच्या पोराला ते लिस्बनइतकेच दूर होते. गावात काय होते? शेणैमाम. कुणाच्या तरी ओसरीवर बसून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणारा, त्याबद्दल तांदूळ-नारळ नेणारा मास्तर. ज्याच्या घरी तांदूळ होते त्याचे मूल शिकले. माझे आजोबा दुसऱ्याची जमीन कसत होते. ते शिकले नाहीत.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदू समाजाला जरा मोकळा श्वास मिळाला. त्यानंतर गावोगावी मराठी शाळा आणि वाचनालये निघू लागली. फोंड्याच्या गोवा विद्याप्रसारक मंडळाची स्थापना १९११ ची, पणजीच्या सरस्वती मंदिराचीही त्याच काळातली. पेडणे-डिचोलीत या शाळा बहुधा देवळाच्या आधाराने चालत. सभामंडपात वर्ग, लोकवर्गणीतून मास्तरांचा पगार. सरकारची मदत नाही, सरकारची नजर मात्र होती. ती का होती ते मोहन रानड्यांच्या उदाहरणावरून कळते. सांगलीकडचा हा तरुण १९५० च्या सुमारास गोव्यात आला तो सावईवेऱ्याला मराठीचा शिक्षक म्हणून. दिवसा बाराखडी शिकवायची आणि मुक्तीच्या लढ्याचे काम करायचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते पकडले गेले, पोर्तुगालच्या तुरुंगात गेले, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ मध्ये सुटले. मराठी शाळा म्हणजे काय हे पोर्तुगीज सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळत होते असे कधी कधी वाटते!

माझे वडील अशाच एका देवळातल्या शाळेत चार इयत्ता शिकले. हुशार होते. मास्तरांनी आजोबांना गळ घातली, याला सावंतवाडीला पाठवा. पेडण्याच्या माणसाला पणजीपेक्षा बांदा-सावंतवाडी जवळची. सोयरीक तिकडे, बाजार तिकडे. सावंतवाडीला एका नातलगाकडे राहायची सोय झाली. आणि ते साल होते १९५५. पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, कर्नेलसिंग बेनिपालांसारखे दूर पंजाबचे तरुण आमच्या वेशीवर धारातीर्थी पडले. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली. बाबांची शाळा सरहद्दीपलीकडे राहिली. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. सरहद्द पुन्हा उघडली ती १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर, तेव्हा ते वीस वर्षांचे आणि घरचे कर्ते पुरुष झाले होते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकासमोरून जाताना बाबा हात जोडायचे. पण एकदा, फक्त एकदाच, म्हणाले होते, ‘माझी सातवी हंयसरच रवली.’ माझी सातवी इथेच राहिली.

मुक्तीच्या वेळी गोव्यात शंभरातल्या तीसेक माणसांनाच लिहिता-वाचता येत होते. नव्या काबिजादींची स्थिती त्याहून वाईट. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेबांचा जन्म पेडण्याचा, १९११ चा. खाणमालक झालेल्या या माणसाने मुख्यमंत्री झाल्यावर गावागावांत, वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा काढायचा सपाटा लावला. इमारत नाही? देवळात भरवा. तिथे जागा नाही? कुणाच्या तरी पडवीत भरवा. शिक्षक नाहीत? महाराष्ट्रातून आणा. वेंगुर्ला, मालवण, कोल्हापूरकडून आलेले कितीतरी मास्तर आमच्या गावांत भाड्याच्या खोलीत राहिले, आमच्याच गावच्या नदीत पोहायला शिकले, काहींनी इथेच संसार थाटले. भाऊसाहेबांच्या राजकारणावर ज्याचे त्याचे मत असेल. १९६७ च्या जनमत कौलात त्यांचा विलीनीकरणाचा पक्ष हरला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. आमचे उत्तरेचे तालुके त्या वेळी विलीनीकरणाच्या बाजूला झुकले होते. पण फुलाला मत देणारा असो की दोन पानांना, त्याचे मूल गावातल्या शाळेत गेले ते भाऊसाहेबांमुळे, एवढे कुणीही मान्य करील.

मी पहिलीत गेलो १९६९ च्या जूनमध्ये. वाडीवरची एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता एका खोलीत. बालभारतीची पुस्तके, दगडी पाटी, शेणाने सारवलेली जमीन. घरी आम्ही बोलायचो ती पेडण्याची बोली; तिला कुणी कोकणी म्हणते, कुणाला ती मालवणीसारखी वाटते, आम्ही तिला काहीच म्हणत नव्हतो. शाळेत मराठी. या दोहोंमध्ये उंबरठा होता, पण तो उंच नव्हता. एका पावलात ओलांडता यायचा.

पाचवीचा उंबरठा मात्र उंच निघाला. गोव्यातली ही गोष्ट महाराष्ट्रातल्या मित्रांना सांगितली की त्यांना खरी वाटत नाही. चौथीपर्यंत सगळे विषय मराठीत आणि पाचवीपासून सगळे इंग्रजीत! आमच्या वेळी तर ए-बी-सी-डीच पाचवीत आली. १९७३ च्या जूनमध्ये आम्ही अक्षरे गिरवायला लागलो आणि १२ ऑगस्टला भाऊसाहेब गेले. शाळा सुटली. फळ्यावर आमच्या सरांनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत त्यांचे नाव लिहिले होते. ते अक्षर अक्षर जुळवून मी वाचले. मी इंग्रजीत वाचलेले पहिले नाव ते. ज्या माणसाने मला मराठी शाळेत घातले, त्याचे नाव मी इंग्रजीत वाचायला शिकलो तेव्हा तो या जगात नव्हता.

पुस्तके इंग्रजी झाली तरी शिकवणे इंग्रजीत झाले असे समजू नका. सर धड्यातले वाक्य इंग्रजीत वाचायचे, मराठीत समजावून सांगायचे आणि मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही की बोलीत उतरायचे. परीक्षेत मात्र उत्तर इंग्रजीत. तेव्हा सगळे पाठ. शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीत वाचताना अंगावर काटा आला होता. तोच पुढे इंग्रजीत पाठ करताना फक्त सनावळ्या उरल्या. ज्याचे पाठांतर बरे तो पुढे गेला, ज्याचे नाही तो गळाला. पहिलीत माझ्याबरोबर बसलेल्या मुलांपैकी निम्मीसुद्धा दहावीच्या फोटोत नाहीत. मुली सातवीनंतर घरी बसल्या. मुलगे आठवी-नववीत इंग्रजी-गणितात नापास झाले, कुणी हॉटेलात गेला, कुणी मुंबईची वाट धरली. माझ्या बाकावर बसणारा एक मुलगा तोंडी हिशेबात माझ्या दुप्पट वेगाचा होता. ‘प्रॉफिट’ आणि ‘लॉस’ यांत काय फरक ते त्याला नववीत कळेना. आज त्याचे मोठे दुकान आहे, त्याला नफा-तोटा उत्तम कळतो! पण तो दहावी झाला नाही, आणि आमच्या स्नेहमेळाव्यांना तो येत नाही. ‘मी तुमच्या वर्गाचो न्हंय,’ म्हणतो.

हे मी आज लिहितो. १९७९ च्या निरोप समारंभात वर्गाच्या वतीने मी बोललो होतो तेव्हा यातले एक अक्षर बोललो नाही. शिक्षकांचे आभार, शाळेचे ऋण, भविष्याच्या वाटा... जे बोलतात ते. दहावी ही तेव्हा नवीच गोष्ट होती. आमच्या थोडे आधीचे विद्यार्थी अकरावीची एसएससी देत आणि ती पुण्याच्या बोर्डाची असे. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. आम्ही त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. परीक्षा केंद्र गावाबाहेर, शिवोली-चोपड्याचा पूल व्हायचा होता, कदंबच्या बसगाड्या यायच्या होत्या. पेडण्याहून म्हापसा गाठायचे म्हणजे एक मोहीम असे. पेपरच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हापशाला सोडायला आले. स्टँडवर त्यांनी माझे हॉलतिकीट मागून घेतले, उलटसुलट करून पाहिले. त्यावर सगळे इंग्रजीत होते. त्यांनी ते न वाचता घडी करून परत दिले आणि म्हणाले, सांभाळून ठेव.

पुढे मी शिक्षक झालो. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये तीसहून अधिक वर्षे काढली. म्हणजे तीसहून अधिक दहावीचे वर्ग निरोप घेताना पाहिले, आणि तेवढ्याच भेटवस्तू.

डिचोलीची गोष्ट पेडण्याहून निराळी. तिथे शेताखाली लोखंड. आमच्या शाळेच्या खिडक्यांवर, बाकांवर, मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरवर मातीचा लाल थर असे. खाणीच्या ट्रकांची रांग लागली की मुले उशिरा यायची आणि आम्ही शिक्षकही. आठवी-नववीतला एखादा मुलगा वर्गात दिसेनासा झाला की समजावे, ट्रकावर क्लीनर म्हणून लागला. चार वर्षांनी तोच ड्रायव्हर, आणखी काही वर्षांनी बँकेच्या कर्जावर घेतलेल्या ट्रकाचा मालक. ‘सर, शिकून काय मिळते?’ असे तो विचारायचा तेव्हा माझ्याकडे चांगलेसे उत्तर नसे. खाणी जोरात चालल्या त्या वर्षांत वर्गांच्या भेटवस्तूही मोठ्या आल्या. संगणक, प्रोजेक्टर, एका वर्गाने तर व्यासपीठाचे छप्पर करून दिले.

मग सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे, हप्ते डोक्यावर. २०१३ च्या निरोप समारंभाआधी आम्ही शिक्षकांनी गुपचूप ठरवले की यंदा वर्गणी हा शब्द काढायचा नाही. पण रीत मुलांच्या हाडात असते. समारंभाच्या दिवशी चौघे मुलगे खड्डा खणायला लागले. फणसाचे रोप लावले. पाटी नाही, साल नाही. तो फणस आता धरू लागला आहे. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, मग लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले. लोखंडाचे भाव चढतात, उतरतात. फणसाला त्याचे काही नाही.

आणि एक वर्ष असे की त्याची भेटच नाही. २०२१ चा वर्ग. करोनामुळे तो सबंध वर्ष मोबाइलवर शिकला. ज्यांच्या वाडीवर नेटवर्क नव्हते ती मुले डोंगरावर, काजूच्या बागेत, रस्त्याच्या वळणावर जाऊन बसायची. बोर्डाची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. निरोप नाही, फोटो नाही, रडणे नाही. या वर्गातला एक मुलगा मला मध्यंतरी भेटला. म्हणाला, ‘सर, आम्ही शाळा सोडलीच नाही. ती नुसती बंद झाली.’ निरोप समारंभ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मी कधी काळी स्टाफच्या बैठकीत म्हणालो होतो. ते शब्द मी या ठिकाणी मागे घेतो.

आता त्या मुलीच्या भाषणाकडे येतो. तिने इंग्रजी कागद बाजूला ठेवला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले, बघा, मराठी अजून जिवंत आहे. मी मान डोलावली. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. कारण मग पहिले उत्तर मलाच द्यावे लागले असते.

भाषेवरून आपण गोव्यात काय काय केले! १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा, मराठीलाही सरकारी कामकाजात जागा. त्याआधीच्या आंदोलनात रस्ते अडले, माणसे दगावली, एकाच ताटात जेवणारे मित्र बोलेनासे झाले. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देणाऱ्या शाळांनाच अनुदान असे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला, पुन्हा मोर्चे, पुन्हा धरणी. मी त्या मोर्चांत चाललो आहे. घोषणा दिल्या आहेत. आणि माझी दोन्ही मुले मात्र केजीपासून इंग्रजी शाळेत गेली. का? तर पाचवीचा तो उंबरठा मला आठवत होता. माझ्या बाकावरचा तो हुशार मुलगा आठवत होता. आपल्या पोराला अडखळू द्यायचे नाही, असे म्हटले आणि त्याला वाटच दुसरी दिली. माझ्यासारखे अनेक निघाले. सगळ्यांकडे सबळ कारणे होती. त्या सबळ कारणांची बेरीज झाली आणि वाडीवरच्या शाळांचा पट रिकामा झाला. सरकारला, पुढाऱ्यांना, कोकणीवाल्यांना बोल लावणे सोपे आहे. पण पट भरायचा की नाही हे शेवटी आपल्या दारात ठरत होते.

समारंभानंतर मी त्या मुलीला विचारले, प्राथमिक शाळा कुठली? तिने सांगितले आणि मी चमकलो. माझीच वाडी, माझीच शाळा. ती चौथीत असताना त्या शाळेत सगळ्या इयत्ता मिळून सातजण होते. नंतर शाळा बंद झाली, उरलेली मुले शेजारच्या गावच्या शाळेत घातली. ‘आता तिथे काय आहे?’ मी विचारले. ‘कुलूप,’ ती म्हणाली.

परतताना मी वाट वाकडी करून तिथे गेलो. भाऊसाहेबांच्या काळातली ती चार भिंतींची खोली. कौले सरकली आहेत. खिडकीच्या फटीतून फळा दिसतो. वरून विमान गेले. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, तेव्हापासून आमच्या वाडीवर आकाशाकडे कुणी पाहात नाही. याच पठारावर आम्ही गुरे राखत पाढे म्हणायचो. विमानतळावर नोकरी लागलेली आमची मुले आज चांगले इंग्रजी बोलतात, हिंदी बोलतात, आणि याचा मला आनंदच आहे. बाबांना न वाचता आलेले हॉलतिकीट ती एका नजरेत वाचतील. साठ वर्षांत एवढा पल्ला या तालुक्यांनी गाठला तो त्या एका खोलीतून निघून. पल्ला गाठला म्हणून खोली मोडायची असते का, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो मी आधी स्वतःला विचारतो.

वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. शाळा बंद झाली की तिचे जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेत किंवा तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाते. गावचा पहिला शिकलेला माणूस कोण, पहिली शिकलेली मुलगी कोण, कुणी कुठल्या इयत्तेत शाळा सोडली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले, हे सारे त्या रजिस्टरात असते. वाळवी लागायच्या आधी आपापल्या गावचे ते पाहून घ्या. दहावीचे स्नेहमेळावे आपण हौसेने करतो, जेवणे होतात, फोटो निघतात. पुढच्या खेपेला दहावीच्या यादीऐवजी पहिलीची यादी घ्या आणि तिच्यातल्या सगळ्यांना बोलवा. फोटोत नसलेल्यांनाही. आम्ही यंदा तसे करायचे ठरवले आहे. नफा-तोट्यावाल्या माझ्या मित्राला निमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार आहे. तो काय म्हणेल ते माहीत नाही.

असो. निघताना मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ते घड्याळ मी गाडीत घातले होते. दुसऱ्या दिवशी म्हापशाला नेले. दुरुस्तीवाल्याने मागची फळी उघडून पाहिली आणि मान हलवली. याचे भाग आता मिळत नाहीत, म्हणाला. सेलवर चालणारे मशीन आत बसवून देतो. लंबक नुसता शोभेला राहील, हलणार नाही, पण वेळ बरोबर दाखवील.

मी थोडा वेळ उभा राहिलो. मग म्हणालो, बसवा. मात्र काचेवरच्या त्या अक्षरांना हात लावू नका.

मार्चमध्ये यंदाचा वर्ग परीक्षेला बसला तोपर्यंत घड्याळ पुन्हा आपल्या जागी लागले होते.